ऑनलाइन वर्गात कोण सहभागी आहे, याची नोंद कशी ठेवावी

हजेरी म्हणजे सहभाग नव्हे. तरी "कॅमेरा सक्तीने सुरू ठेवायला लावा" हा सल्ला अजून दिला जातो. कॅमेऱ्याकडे टक लावून बसलेला मुलगा दुसऱ्या टॅबमध्ये गेम खेळत असतो आणि कॅमेरा बंद ठेवलेली मुलगी वहीत गणित सोडवत असते. स्क्रीन शेअर चालू असताना कोणी ३० सेकंदांहून जास्त वेळ दुसरीकडे गेलं की यजमानाला कळवणारी सोय पूर्वी झूममध्ये होती. कंपनीने ती एप्रिल २०२० मध्ये काढून टाकली. बरंच झालं.

नावांपासून सुरुवात करा. "आईचा फोन" आणि नुसतं मोबाइलचं मॉडेल अशी नावं यादीत असतील तर पुढचं सगळं व्यर्थ. नावाआधी दोन अंकी रोल नंबर लिहायला लावा. एक ते नऊच्या आधी शून्य, म्हणजे क्रम बिघडत नाही.

हजेरी ॲपच्या अहवालातून घ्या. नेट तुटून परत आलेल्या मुलाच्या दोन-तीन ओळी दिसतात, त्यांची मिनिटं एकत्र धरा. त्यापलीकडे या अहवालात काही शोधू नका.

आता खरी अडचण: शिकवता शिकवता नोंद ठेवायची कशी? मीही इथेच बराच काळ अडकलो होतो. पाच निकष, प्रत्येकाला दहापैकी गुण असले भपकेदार तक्ते कागदावर शोभतात. चालू तासात ते भरायला गेलात तर शिकवणं तरी थांबतं, नाहीतर तक्ता तरी. तास संपल्यावर आठवून भरण्याचा सल्ला तर त्याहून घातक. आठवतात ती नेहमीची बोलकी चौकडी, आणि मधली वीस मुलं कोरीच राहतात.

म्हणून चारच अक्षरं ठेवा. स्वतःहून बोलला तर "स", विचारल्यावर बोलला तर "व", चॅटमध्ये उत्तर दिलं तर "च", नाव घेऊनही काहीच आलं नाही तर "ग". रोल नंबरांची यादी छापून कीबोर्डशेजारी ठेवा आणि पेन्सिलीने खुणा करा. दुसरी खिडकी उघडून एक्सेलसारख्या शीटमध्ये टाइप करत बसू नका. मुलांना तुमच्या कीबोर्डचा खडखडाट ऐकू जातो आणि ती गप्प होतात. उत्तर बरोबर की चूक हे इथे लिहायचं नाही. चुकीच्या उत्तराचा हिशेब ठेवलात की पुढच्या तासाला हात वर येणं बंद.

"ग" लिहायची घाई करू नका. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकातच दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात आणि गप्प मुलंही बोलू लागतात. ऑनलाइनमध्ये आवाज पोचायला, माइक सुरू करायला वेळ जातो, म्हणून मनात सावकाश दहापर्यंत मोजा. ती शांतता जीवघेणी वाटते. वाटू द्या.

चॅटचं वेगळं दुखणं आहे. "समजलं का?" विचारलंत की पहिला "यस" येतो आणि मागोमाग यसची रांग लागते. त्याला "च" द्यायचा नाही. असा प्रश्नच विचारू नका. ज्याचं उत्तर एका ओळीत लिहावं लागेल असं काही विचारा, सगळ्यांना टाइप करायला सांगा, पण तुम्ही "पाठवा" म्हणेपर्यंत एंटर दाबायचं नाही. सगळी उत्तरं एकदम पडतात, कोणाचं पाहून लिहायला सवडच राहत नाही. तासाला असे दोन प्रश्न पुरतात. चॅट सेव्ह करून ठेवा. तेवढे "च" मात्र नंतर निवांत भरता येतात.

दिवसाअखेरी खुणा शीटमध्ये चढवा: ओळीत मूल, स्तंभात तारीख. एका चौकोनात "सच" अशी दोन अक्षरं आली तरी बिघडत नाही. काउंटइफ (COUNTIF) या अटीत बसणारे चौकोन मोजणाऱ्या सूत्रात अक्षराच्या दोन्ही बाजूंना ताऱ्याचं चिन्ह (*) दिलं की ते अक्षर किती तासांना आलं ते मिळतं. एकाच तासात आठदा बोलणाऱ्याचा आकडा त्यामुळे आपोआप फुगत नाही.

आठवड्यातून एकदा शीट पाहा. नुसतेच "च" असलेलं मूल लाजरं असेल किंवा त्याचा माइक बिघडला असेल; आधी माइक तपासा. सलग "ग" दिसले तर वर्गासमोर टोकू नका, एकट्याला फोन करा. आणि ही यादी ग्रुपवर टाकण्याचा मोह झालाच तर आवरा. ती तुमच्यासाठी आहे, उद्या कोणाला पहिला प्रश्न विचारायचा ते ठरवायला.