सहावी ते आठवीचा इंग्रजीचा तास: पालकांनी काय पाहावं

सहावीपासून पाठ केलेली प्रश्नोत्तरं मागे पडतात, स्वतःच्या शब्दांतलं लेखन वाढतं. परिच्छेदात एक मुद्दा, त्याला धड्यातला पुरावा आणि 2-3 वाक्यांत स्पष्टीकरण, हे शिक्षक बघतात. मुलं अडतात ती स्पष्टीकरणाशीच. 'मुलगी घाबरली होती' हा मुद्दा, 'तिने कडी दोनदा तपासली' हा पुरावा. इथेच उत्तर संपवतात, कारण पुरावा दिला की झालं असं वाटतं. तेव्हा उत्तर सांगू नका, 'दोनदा का तपासली असेल?' एवढंच विचारा.

कच्च्या मसुद्यात स्पेलिंग सुधारत बसू नका. चुकेल या भीतीने मूल सोपेच शब्द वापरायला लागतं. स्पेलिंग शेवटी बघा. रोज 20 मिनिटं आवडीचं वाचन मात्र हवंच. एका पानावर 5 हून जास्त शब्द अडले, तर सोपं पुस्तक द्या.