शेतातल्या ओढ्यावर वाट बांधताय? या चुका टाळा

मुळशी, मावळ, भोर या पट्ट्यात नव्याने जमीन घेणाऱ्यांची घाई ठरलेली असते. दिवाळीनंतर खरेदीखत, मार्चमध्ये कुंपण, एप्रिलमध्ये जेसीबी, आणि मे संपायच्या आत गाडी ओढ्यापलीकडे न्यायचीच. तेव्हा ओढा कोरडा असतो, त्यात गुरं बसलेली असतात, आणि या एवढ्याशा ओघळीला काय लागतंय असं वाटतं. मग जुलैत फोन येतात. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: कायमचं बांधकाम करण्याआधी एक पावसाळा त्या जमिनीवर काढा. पुराची खूण झाडाच्या बुंध्यावर कुठवर चढते ते बघा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तोवर गाडी अलीकडेच लावावी. दोनशे पावलं चालल्याने काही बिघडत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ओढ्यात बारीक नळे टाकून वर मातीचा भराव करणं. हिशेब सोपा आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. तुमच्या ओढ्याला वरचा 40 हेक्टर, म्हणजे साधारण 100 एकर डोंगरउतार मिळत असेल आणि तासात 60 मिलिमीटर पाऊस कोसळला, तर निम्मं पाणी मुरलं असं धरूनही सेकंदाला 3,300 लिटर ओढ्याला येतं. 600 मिलिमीटरचा सिमेंटचा नळा तुडुंब भरून सेकंदाला 2 मीटर वेगाने वाहिला, तरी 565 लिटरच नेतो. म्हणजे असे सहा नळे लागले. भर जुलैत तर जमीन आधीच भरलेली असते, एवढं पाणी मुरतच नाही.

‘600 चा एक महाग पडतो, 300 चे चार टाकू’ हा सल्ला दुकानातही मिळतो. तोंडाचं क्षेत्रफळ जुळतं, पण बारीक नळ्यात पाण्याला घर्षण जास्त होतं. तेवढंच पाणी न्यायला 300 चे सहा तरी हवेत. आणि 300 च्या नळ्यात करवंदीची एक फांदी आडवी बसली की तो नळा बंद.

मुळशीकडच्या एका जमिनीवर नेमकं हेच झालं. मालकांना मे महिन्यात फरशी करा, म्हणजे पाणी वरून वाहून जाईल अशी ओढ्याच्या तळालाच काँक्रीटची वाट करा, म्हणून सांगितलं होतं. खर्च ऐकून त्यांनी जेसीबीवाल्याकडून 300 चे तीन नळे टाकून घेतले, वर शेतातलीच भुसभुशीत माती ढकलली, त्यावर मुरमाचा हात फिरवला. जूनभर वाट छान चालली. जुलैत एका रात्री, वरच्या अंगाला तोडून तशीच टाकलेली झुडपं वाहत आली आणि नळ्यांची तोंडं बुजली. आता त्या भरावाचं धरण झालं होतं, आणि त्याला सांडवा नव्हता. पाणी तुंबलं, भरावावरून उलटलं आणि खालच्या कडेकडून माती कापत वर सरकत गेलं. सकाळी दोन नळे खालच्या शेतकऱ्याच्या भातखाचरात पडलेले होते आणि नुकत्याच झालेल्या लावणीवर मुरूम-दगडांचा थर बसला होता. मालकांची वाट गेली, ती पैसे टाकून पुन्हा होते. त्या माणसाचं वर्षाचं भात गेलं. मला राग येतो तो याचा.

तिथे नंतर फरशीच केली. रोजची चारदोन वाहनं असतील, तर मी दुसरं काही सुचवतच नाही. ओढ्याच्या तळाच्या पातळीला दगडी सोलिंग (दगड रचून दाबलेला थर), त्यावर 15 ते 20 सेंटीमीटर काँक्रीट, मधे बशीसारखा खोलगटपणा आणि दोन्ही टोकं उंच, म्हणजे पाणी मधोमधच राहतं आणि काठ कापत नाही. वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांना जमिनीत उतरणारी काँक्रीटची भिंत हवीच. मी खडक लागेपर्यंत जातो, खडक नसेल तर मीटरभर तरी. खालच्या अंगाला डोक्याएवढे दगड हाताने बसवून घ्यावेत, टेम्पोतून ओतू नयेत. खालची भिंत वाचवून पैसे वाचवणारे खूप भेटतात. त्यांच्या फरशीखालची माती पाणी दोन-तीन पावसाळ्यांत उकरून नेतं आणि काँक्रीट मधे मोडतं.

फरशीवरून पाणी जोरात वाहत असताना गाडी घालू नका. 30 सेंटीमीटर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं. दोन तास थांबा, असे ओढे लवकर उतरतात.

नळेच टाकायचे असतील, तर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या वजनाला एनपी 3 प्रतीचे घ्या (सळई घातलेल्या सिमेंटच्या नळ्यांची ही एक मजबुतीची प्रत). नळा तळाच्या पातळीला आणि ओढ्याच्या उताराने बसवा. उंच बसवला तर खाली धबधबा पडून खड्डा होतो. भराव 15-20 सेंटीमीटरच्या थरांनी पाणी मारून दाबा. जेसीबीचं बकेट आपटणं म्हणजे दाबणं नव्हे. आणि भरावाची एक बाजू मुद्दाम सखल ठेवून तिला दगड लावा, म्हणजे नळे बुजले तरी पाण्याला वाट राहते.

दुसरी चूक पोचरस्त्याची. डोंगरउतारावर सरळ वर जाणारा रस्ता काढला, की पहिल्याच पावसात त्याची ओघळ होते. मग मालक दरवर्षी मुरूम टाकतात आणि तो दरवर्षी ओढ्यात जातो. रस्ता तिरका, वळणं घेत काढावा, दहाला एकपेक्षा जास्त चढ देऊ नये. मी पंचवीस-तीस पावलांवर रस्त्यात तिरका, उथळ, दगड बसवलेला चर ठेवतो. गाडी त्यावरून हळू जाते, पण पाणी बाहेर पडतं. ते उघड्या मातीवर न सोडता गवतावर किंवा दगडांवर सोडावं. गाडी दचकते म्हणून हे चर बुजवायला सांगणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

ओढ्याच्या काठावरची करंज, उंबर, वाळुंज ‘साफसफाई’ म्हणून तोडू नका. काठ त्यांच्या मुळांनीच धरलेला असतो.

फरशी वळणावर बांधू नका, सरळ भाग शोधा.

काळ्या मातीवर थेट मुरूम टाकू नका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचा थर गिळते. फूटभर काढून सोलिंग करा.

आपल्या चराचं पाणी शेजाऱ्याच्या बांधावर तोंड करून सोडणं, किंवा त्याचं येणारं पाणी बांध घालून अडवणं, यावरून गावात पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात. शेतजमिनीवरून वाहणाऱ्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 नुसार तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. दावा सहा महिन्यांत करावा लागतो. म्हणून चर आखण्याआधी खालच्या शेतकऱ्याला सोबत घेऊन बांधावर फिरा, पाणी कुठे सोडायचं ते त्याच्या समोर चुन्याने आखा, आणि त्यानंतरच जेसीबीला तारीख द्या.