मृगाआधी मेंढा बदला

जत, आटपाडी, माण पट्ट्यात पहिल्या पावसावर हिरवा चारा फुटला की मेंढ्या माजावर येतात. मेंढा तेव्हा शोधायचा नसतो, मे महिन्यातच ठरवायचा.

आधी गेल्या कार्तिकातले नर वेगळे काढा. सहा-सात महिन्यांचे झालेले हे नर आईला नि बहिणीला फळवतात, आणि कळपात ते कुणाच्या ध्यानात येत नाही. विका, नाहीतर खच्ची करा.

दोन हंगाम वापरलेला मेंढा तिसऱ्या हंगामात स्वतःच्याच लेकींवर जातो. बाप-लेकीच्या कोकरात सरासरी 25 टक्के, सावत्र भावंडांच्या कोकरात 12.5 टक्के जनुकजोड्यांत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या असतात. एरवी चांगल्या प्रतीखाली झाकलेला दोष मग उघडा पडतो. कोकरू अर्ध्या तासात उठून आचळ धरत नाही, तोंडात बोट घातलं तर तोंड गार लागतं. जगलं तरी वाढ रखडते, मादी उशिरा माजावर येते. एखाद्या कोकरावरून रक्ताला दोष देऊ नका. एकाच मेंढ्याच्या कोकरांत हेच वारंवार दिसलं तर द्या.

जवळच्या रक्ताचा फायदा अजिबात नाही असं नाही. माडग्याळ जातीच्या मेंढीचं बाकदार नाक पक्कं करायला तो उपयोगी पडतो. इंग्लंडातली चिलिंगहॅमची रानगुरं पिढ्यान्‌पिढ्या बंद कळपात आहेत. 1947 च्या हिवाळ्यानंतर अवघी 13 उरली, तरी वंश टिकला. पण कमजोर जनावरं मरत जातात तेव्हाच रक्तातल्या दोषांची अशी छाटणी होते. तीस मेंढ्यांच्या मालकाला हा सौदा परवडत नाही, नाकाची हौस कितीही असो.

दोघांनीच मेंढे आलटून-पालटून वापरले तर थोड्याच वर्षांत आपलंच रक्त घरी येतं. चार कळपांनी गोल करा: पहिल्याचा नर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा चौथ्याकडे, चौथ्याचा पहिल्याकडे. दिशा कधीही उलटवू नका. विकत घेताना मेंढ्याच्या आई-बापाची चौकशी करा, आणल्यावर 21 दिवस वेगळा बांधा, जंताचं औषध द्या, पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस झाली का ते विचारा.

25 ते 30 मेंढ्यांना एक नर पुरे. छातीला गेरू तेलात कालवून लावा, म्हणजे फळलेल्या मेंढीच्या पाठीवर खूण उमटते. 17 दिवसांनी रंग बदला. नवा रंग उमटलेली मेंढी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, असं समजा. साधारण 50 दिवसांनी मेंढा बाहेर काढा.