बंद पडलेला खाऊचा ब्रँड नव्या पिढीसमोर कसा आणावा

गिरगाव, दादर किंवा लालबागमध्ये कधीकाळी खपणारा चिवडा, वेफर्स किंवा गोळ्यांचा ब्रँड पुन्हा बाजारात आणायचा असेल, तर सुरुवात कढईपासून नव्हे, कागदपत्रांपासून करावी. नाव कोणाच्या मालकीचे आहे हे ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर तपासावे. ट्रेडमार्क नोंदणीत वस्तूंचे क्रमांकित वर्ग असतात; गोळ्या-बिस्किटे वर्ग ३० मध्ये आणि बटाट्याचे वेफर्स वर्ग २९ मध्ये मोडतात, म्हणून दोन्ही वर्ग पाहावेत. नोंदणी १० वर्षांची असते व नंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. शिवाय १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातील कलम ४७ नुसार सलग ५ वर्षे न वापरलेले चिन्ह नोंदवहीतून काढावे, असा अर्ज कोणीही बाधित व्यक्ती करू शकते. त्यामुळे ‘नाव आजोबांचेच आहे’ एवढ्यावर विसंबू नये. जुन्या भागीदारीत चुलत भावंडांचे हिस्से असल्यास लेखी हस्तांतरण आधीच घ्यावे, कारण माल खपू लागल्यावर हेच बोलणे महाग पडते.

खरा वेळ चवीवर द्यावा. जुन्या तळणीत अनेकदा वनस्पती तूप असे. त्यात ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी अपायकारक चरबी, बरीच असे. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल व चरबीत ती २ टक्क्यांहून अधिक चालत नाही, म्हणून जुनी कृती बहुधा जशीच्या तशी उतरणार नाही. निरनिराळ्या तेलांत छोटे घाणे काढून, पाकीट न दाखवता, जुनी गिऱ्हाइके आणि कॉलेजातली मुले यांना वेगवेगळे चाखायला द्यावेत. जुन्यांना ‘पूर्वीसारखे लागते का’ असे विचारावे, मुलांना मात्र ‘स्वतःच्या पैशांनी पुन्हा घ्याल का’ एवढेच, कारण त्यांच्यापाशी आठवण नाही आणि ती त्यांना विकताही येत नाही. उत्तरे जुळली नाहीत, तर तिखट-मीठ मुलांच्या कलाने ठरवावे, पण ज्या मसाल्याच्या वासावरून वस्तू ओळखली जाई तो सोडू नये.

पार्लेने २०१९ मध्ये ट्विटरवरील मागणीनंतर रोला कोला ही कोलाच्या चवीची जुनी गोळी परत आणली. तेथे आठवण असलेले गिऱ्हाईक आधीच हजर होते. रिलायन्सने २०२३ मध्ये कॅम्पा हे जुने शीतपेय पुन्हा आणताना मात्र २०० मिलिलिटरची बाटली १० रुपयांना ठेवली, आणि ते नाव कधीही न ऐकलेल्या मुलालाही ती घेण्याचे कारण मिळाले. लहान उद्योजकाने हा दुसरा मार्ग अभ्यासावा, अर्थात त्या भांडवलाची बरोबरी करण्याच्या भानगडीत न पडता.

पाकिटावर जुनी अक्षरे किंवा जुना रंग यांपैकी एकच खूण ठळक ठेवावी. बाकी जागा घटक, पोषणमूल्ये, हिरवा ठिपका, परवाना क्रमांक आणि किंमत यांना लागतेच. नायट्रोजन भरलेले पाकीट घेतले तरी टिकाऊपणाची चाचणी जुलैच्या दमट हवेतच करावी: मुंबईच्या पावसाळ्यात वेफर्स किती लवकर मऊ पडतात, हे मे महिन्यात कळत नाही.

विक्री माटुंग्याच्या कॉलेज परिसरातील उपाहारगृहे आणि किराणा दुकाने यांपासून सुरू करावी; काही मिनिटांत घरपोच देणाऱ्या अॅपवर जाण्यापूर्वी त्यांचे कमिशन आणि जाहिरातखर्च वजा करून हातात काय उरते ते मांडावे. मऊ पडलेली पाकिटे बदलून देण्याची सोय पहिल्या खेपेपासून ठेवावी, नाहीतर दुकानदार पुढचा माल मागच्या फळीवर टाकतो.