आजी-आजोबांचे आभार कसे मानावेत: आईच्या वहीतून शिकलेलं

माझी आई एक वही ठेवते. मी कामावर गेले की मुलांची दुपार त्या वहीत उतरते. किती वाजता झोपली, कुठे आपटली, कशावरून भांडली. दोन वर्षं मी ती वही 'झोप झाली का' एवढंच बघायला उघडत होते. एका रात्री मागची पानं चाळताना ही ओळ दिसली: "१:४० ला झोपला. पाय माझ्या पोटावर. ३ पर्यंत हलले नाही." कंबर धरलेली माझी आई एक तास वीस मिनिटं तशीच पडून राहिली होती, का, तर त्याची झोप मोडू नये. आणि त्या संध्याकाळी मी दारातच चप्पल काढता काढता म्हणाले असणार, "थँक्यू हं आई, सगळ्याबद्दल."

त्या 'सगळ्या'त ती दुपार नव्हती, कारण ती मला माहीतच नव्हती. म्हणून ज्यांची लहान मुलं आजी-आजोबांच्या हाताखाली वाढतायत त्यांना माझं पहिलं सांगणं: आभार मानायच्या आधी बघा. एक दिवस रजा घ्या, घरीच थांबा, मध्ये पडू नका, नुसतं मोजा. माझी थोरली साडेचार वर्षांची आणि धाकटा अडीच. दोघांच्याही पायाला भिंगरी. १३ किलोच्या धाकट्याला बाबांनी त्या दिवशी दुपारपर्यंत १७ वेळा उचललं. म्हणजे २२१ किलो. बाबा ६८ वर्षांचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना म्हणतात की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाला किमान १८० मिनिटं हिंडावं-फिरावं, त्यातली ६० मिनिटं तरी चांगलं धावावं-खेळावं. त्याच संघटनेने २०२० मध्ये मोठ्यांसाठी, पासष्टीपुढच्यांसाठीसुद्धा, मध्यम व्यायाम सांगितलाय तो आठवड्याला किमान १५० मिनिटं. दोन्ही मापं अगदी सारखी नाहीत, पण नातीच्या एका दिवसामागे धावताना आजोबांचा आठवडा संपतो हे मला त्यातून कळलं.

मग बोला, आणि जे पाहिलंत तेच बोला. "तुम्ही किती करता आमच्यासाठी" हे वाक्य मी सोडून दिलंय. त्याऐवजी: "बाबा, काल ती जमिनीवर लोळून रडत होती तेव्हा तुम्ही काही न बोलता शेजारी बसून राहिलात. मला ते जमत नाही, माझा आवाज चढतो." हे ऐकल्यावर बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि मग मी लहानपणी कशी लोळायचे ते सांगत राहिले. आईला तोंडावर काही सांगायला गेलं की ती हात झटकते, "आभार कसले मानतेस, परकी आहे का मी?" म्हणून तिच्यासाठी मी वहीतच लिहायला लागले. तिच्या नोंदीखाली, वेगळ्या शाईने, एक-दोन ओळी. "पायाची नोंद वाचली. आज रात्री कंबर शेकून देते." तोंडी स्तुती नको असलेल्या माणसांसाठी हा मार्ग फार चांगला आहे. त्यांना उत्तर द्यावं लागत नाही, आणि वाचायचं तेव्हा एकटीने वाचता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: वेळ. भेटवस्तूंवर मी बरंच डोकं चालवलं होतं. पण आईला हवी होती ती बुधवारची दुपार. हे मला उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. मी रोज वीस-पंचवीस मिनिटं उशिरा यायचे. माझ्या लेखी ती किरकोळ गोष्ट होती. पण त्या मिनिटांपायी आईची डोळ्यांची तपासणी चार वेळा पुढे गेली आणि ती एकदाही बोलली नाही. त्यानंतर आम्ही नियम केला: बुधवारी दुपारी दोननंतर आणि रविवारी पूर्ण दिवस आजी-आजोबांना सुट्टी. ती मागायची नाही, ती असतेच. तुम्ही असा नियम करणार असाल तर दोन गोष्टी पाळा. सुट्टीच्या वेळी "त्याचा निळा शर्ट कुठे आहे?" असा फोन करायचा नाही, शर्ट सापडला नाही तर दुसरा घालायचा. आणि अडचण आली म्हणून सुट्टी मोडावी लागली, तर त्याच आठवड्यात ती परत द्यायची. मी कॅलेंडरवर लिहून ठेवते, नाहीतर विसरायला होतं.

अंगाचे कष्ट कमी करणं हेही आभारच. बेसिनपाशी आणि पलंगापाशी एकेक बुटकं, रुंद, न हलणारं स्टूल ठेवलं. धाकटा आता स्वतः चढतो, आणि उचलणं १७ वरून सहा-सातवर आलंय. कपडे बदलायची जागा जमिनीवरून कमरेच्या उंचीवर आणली, पण तिथे ठेवलं की एक हात सतत त्याच्या अंगावर हवाच. आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आमच्या घरात कुणाचंच लक्ष नव्हतं. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात, आणि लहान मुलांचा आवाज नेमका तसाच. बाबा मुद्दाम दुर्लक्ष करत नव्हते, त्यांना मागून मारलेली हाक कळतच नव्हती. आता मुलांना शिकवलंय: आजोबांच्या समोर जायचं, गुडघ्याला हात लावायचा, मग बोलायचं. घरातली निम्मी आरडाओरड त्याने थांबली.

औषधांचं मात्र आजच करा. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी एखाद-दुसरी गोळीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते, आणि आठवड्याच्या कप्प्यांची ती डबी लहान हातांनाही सहज उघडते. आईच्या पर्समध्ये ती असायची. आम्ही उंचावर कुलपाचं कपाट लावलं, किल्ली आईकडे. "आता मला डुलकी लागली तरी धाकधूक नाही," ती म्हणाली. इतके दिवस ती ही भीती एकटीच वागवत होती.

मतभेद होणारच. त्यावेळी आभार आणि तक्रार एका वाक्यात घालू नका; "तुम्ही खूप करता, पण..." यातलं फक्त 'पण' ऐकू जातं. धाकटा तान्हा असताना आई त्याला पालथा झोपवायची, कारण तिला तसंच सांगितलं गेलं होतं. बाळाला पाठीवर झोपवा ही मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ ला आणि अमेरिकेत १९९४ ला सुरू झाली, आणि त्यानंतर अमेरिकेत झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. माझा जन्म त्याआधीचा. मी आईला एवढंच म्हटलं, "तेव्हाच्या डॉक्टरांचं तू ऐकलंस, आताच्यांचंही ऐकू या." तिने लगेच ऐकलं. सुरक्षेच्या अशा तीन-चार गोष्टींवर अडून बसा. बाकी गोष्ट कुठली सांगायची, मोजे उलटे घातले का, दुपारी किती पसारा झाला, हे त्यांच्यावर सोडा. त्यांनी तुम्हाला वाढवलंय.

मुलांवर होणारा त्यांच्या हातचा खर्च आजी-आजोबांना मागावा लागू नये. एका डब्यात आधीच पैसे ठेवा, हिशेब विचारू नका.

मुलांनाही यात घ्या, पण "थँक्यू म्हण" असं पढवून नाही. अडीच वर्षांच्या मुलाला चष्मा आणून देता येतो, आजीच्या पायावर पांघरूण टाकता येतं. थोरलीने परवा कागदावर आजोबांचा पंजा आखला, त्याच्या आत स्वतःचा. बोटं थोडी बाहेर गेली. तो कागद बाबांनी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, रोज सकाळी शर्ट काढताना दिसेल असा.

एकदा मी आईला मानवशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स यांच्याबद्दल सांगितलं. टांझानियातल्या हाद्झा लोकांत राहून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की तिथल्या आज्या कंद खणून नातवंडांचं पोट भरतात. त्यावरून १९९८ मध्ये त्यांनी मांडलं की माणसाचं आयुष्य इतकं लांबलं यामागे आजीची ही मदत असावी. आईने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या आज्यांना कुणी सुट्टी देतं का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. त्या रात्री मी वहीत लिहिलं, "आज दोघं इतकी दंगा करत होती आणि तू एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीस, मी दारातून बघत होते." सकाळी खाली तिच्या अक्षरात ओळ होती: "उद्या बुधवार. दोननंतर मी नाही."