कामावर दुखापत झाल्यास नुकसानभरपाई कशी मागावी

पॉवर प्रेसखाली बोटे सापडलेल्या कामगाराला मालकाचा माणूस मोटारीतून दवाखान्यात नेतो, अनामत रक्कम भरतो आणि केसपेपरवर ‘घरी पडून जखम’ असे लिहून घेतो. यात दर वेळी कपट असतेच असे नाही. पुष्कळदा पोलिसांची आणि कारखाना निरीक्षकाची चौकशी टळावी एवढाच हेतू असतो. परंतु पुढे दावा उभा राहतो तेव्हा विमा कंपनीचा वकील प्रथम तोच कागद काढतो. म्हणून उपचार सुरू होताच जखमीच्या नातेवाइकाने किंवा सहकाऱ्याने केसपेपर आणि एमएलसीची (पोलिसांना कळवावयाच्या जखमेची दवाखान्यातील) नोंद स्वतः वाचावी, त्यात ‘अमुक ठिकाणी काम करताना, अमुक वाजता, अमुक यंत्रावर’ एवढा मजकूर आहे याची खात्री करावी आणि नसल्यास डॉक्टरांना त्याच दिवशी दुरुस्ती करावयास सांगावे. यंत्राची, जागेची आणि हजेरीपत्रकाची छायाचित्रेही त्याच दिवशी काढलेली बरी, कारण संरक्षक जाळी दुसऱ्या दिवशी बसविली जाते.

त्यानंतर पाहावयाचे ते कामगार राज्य विमा योजनेचे, म्हणजे ईएसआयचे संरक्षण आहे की नाही. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यात आणि मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असल्यास ते सामान्यतः असते. अशा कामगाराला तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. कामावरील दुखापतीसाठी वर्गणीचे किमान दिवस भरलेले असण्याची अटही नाही. मात्र ईएसआयखाली येणाऱ्या कामगाराला त्याच दुखापतीसाठी मालकाविरुद्ध नुकसानभरपाईचा वेगळा दावा करता येत नाही. पगारातून ०.७५ टक्के कापले जात असल्यास विमा क्रमांक तपासावा आणि मालकाने अपघाताचा अहवाल महामंडळाकडे पाठविला काय, हे शाखा कार्यालयात जाऊन विचारावे.

ईएसआय नसेल तर जबाबदारी थेट मालकाची असते. २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीच्या अपघातांना कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ लागू होतो, तर त्या दिवसापासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये याच विषयाचे स्वतंत्र प्रकरण आहे. दोन्हींचा सांगाडा सारखाच आहे: मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. मालकाची चूक होती हे सिद्ध करावे लागत नाही. अपघात कामातून आणि कामाच्या ओघात झाला एवढे दाखविले की पुरे. कामगार दारू प्यायला होता किंवा त्याने सुरक्षेचे साधन मुद्दाम काढले, असा बचाव मालक घेऊ शकतो, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तोही चालत नाही.

आकडा कसा निघतो ते एका उदाहरणाने पाहू. सात माणसांच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षांच्या कामगाराची एका हाताची दोन बोटे गेली आणि त्याचे वेतन १८,००० रुपये होते, असे समजा. जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपये वेतन धरले जाते. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. तीस वर्षांचा गुणक २०७.९८, म्हणून पूर्ण अपंगत्वाची रक्कम १८,७१,८२० रुपये होते. कायद्याच्या परिशिष्टात एका हाताच्या दोन बोटांसाठी कमाईच्या क्षमतेतील घट २० टक्के ठरलेली असल्यामुळे भरपाई ३,७४,३६४ रुपये येते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याशिवाय मिळतो. येथे मोजली जाते ती कमाईची क्षमता, हे विसरू नये. कोपराच्या वर डावा हात कापावा लागलेल्या एका सुताराचे अपंगत्व सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये पूर्ण मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तेव्हा डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात टक्केवारीबरोबरच ‘पूर्वीचे काम करता येईल काय’ याचेही उत्तर मागून घ्यावे.

अपघाताची लेखी सूचना मालकाला शक्य तितक्या लवकर द्यावी. अपघाताची तारीख, वेळ, जागा, दुखापत आणि वेतन एवढे अर्ध्या पानात मावते. ते स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. पगार हातावर मिळत असल्यास बँकेतील जमा, मोबाईलवरील संदेश आणि सहकाऱ्यांची नावे आताच गोळा करावीत. जुन्या कायद्याखाली भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात मालकाने दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. दावा दाखल करण्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे.

याच काळात मालकाकडून पन्नास हजार रुपये आणि एक स्टॅम्पपेपर समोर येतो. त्यावर ‘माझी कसलीही तक्रार नाही’ असे लिहिलेले असते. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे, तरीही सही न करणेच शहाणपणाचे, कारण तो खोडून काढण्यात वर्ष जाते. तडजोड करावयाचीच असेल तर ती नुकसानभरपाई आयुक्तांकडे, म्हणजे असे दावे ऐकून निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवून करावी. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम त्यांच्याकडेच जमा व्हावी लागते. वारसांना परस्पर दिलेला पैसा, थोडी आगाऊ रक्कम वगळता, भरपाईत धरला जात नाही.

दाव्यात कोणाला प्रतिवादी करावयाचे, येथे बरेच अर्ज फसतात. ठेकेदारामार्फत काम करीत असलात तरी, काम मूळ मालकाच्या व्यवसायाचाच भाग असल्यास त्याच्याकडूनही भरपाई मागता येते, म्हणून दोघांना सामील करावे. मालकाने विमा उतरविला असल्यास विमा कंपनीचेही नाव घालावे. दंडाचा भार मात्र साधारणतः मालकावरच राहतो. गाडीवरचा चालक किंवा क्लीनर असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा हा कायदा यांपैकी एकच मार्ग निवडता येतो.

घरून कामावर जाताना अपघात झाल्यास काय, हा प्रश्न बरीच वर्षे लटकला होता. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला असताना एप्रिल २००३ मध्ये वाटेत मरण पावला. आयुक्तांनी दिलेली भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मान्य केली. अट एवढीच, की अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. तेव्हा पाळीचा तक्ता आणि नेहमीचा रस्ता पुराव्यात आणावा.

दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा कामगार अथवा त्याचे वारस राहतात तेथेही दाखल होतो, त्यामुळे गावी परतलेल्या विधवेला पुण्या-मुंबईला हेलपाटे घालण्याची गरज नाही. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक मोफत साहाय्याला पात्र आहेत आणि १५१०० हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक आहे. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात साठ दिवसांत अपील होते, पण मालकाला आधी ठरलेली सर्व रक्कम जमा करून तसा दाखला जोडावा लागतो. अपिलाची नोटीस घरी आली तर प्रथम तो दाखला जोडलेला आहे काय, ते पाहावे.