क्लोरेलाची भुकटी आहारात कशी घ्यावी

हरित शैवालाचे पूरक अन्न म्हणून जे विकले जाते ते बहुधा क्लोरेला असते. त्याच्याच शेजारी मांडलेली स्पिरुलिना मात्र रंगाने हिरवी असली तरी ती खरे पाहता शैवाल नसून सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू) आहे, तेव्हा वेष्टनावरील नाव आधी नीट वाचावे. क्लोरेलाची पेशी जेमतेम २ ते १० मायक्रॉन व्यासाची असते, पण तिची भित्तिका इतकी चिवट असते की आपल्या पचनसंस्थेला ती सहजी फुटत नाही. म्हणून पेशीभित्तिका फोडल्याचा आणि जड धातूंची तपासणी केल्याचा उल्लेख असलेलीच भुकटी निवडावी.

सुरुवात जेवणाबरोबर अर्ध्या ग्रॅमने करावी आणि आठवडाभरात त्रास न झाल्यास ती दोन-तीन ग्रॅमपर्यंत न्यावी. भुकटी थेट पेल्यात टाकल्यास ती वर तरंगते व तिच्या गुठळ्या होतात. आधी चमचाभर पाण्यात गंधासारखी कालवून मग उरलेले पाणी घालावे. उकळत्या पदार्थात ती घालू नये, कारण उष्णतेने तिचा रंग काळपट होतो. पहिले काही दिवस पोटात वायू धरणे किंवा शौचास हिरवे होणे संभवते. रंगाला घाबरण्याचे कारण नाही.

कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने हे वर्णन खरे असले, तरी ५ ग्रॅम भुकटीतून मिळतात ती अडीच-तीन ग्रॅम, म्हणजे एका अंड्याच्या साधारण निम्मी. त्यामुळे डाळ कमी करून तिच्या जागी क्लोरेला घेण्यात काहीच हशील नाही. बी-१२चे प्रमाणही उत्पादनागणिक बदलते, म्हणून शाकाहारी व्यक्तींनी केवळ तिच्यावर विसंबून न राहता रक्ततपासणी करून घ्यावी. ‘शरीरातील विषद्रव्ये बाहेर काढते’ हा दावा तर मी सरळ बाजूला ठेवतो.

क्लोरेलात के जीवनसत्त्व असल्याने वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी, तसेच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

डबा घट्ट झाकणाचा, अपारदर्शक आणि कोरडा असावा. हरितद्रव्याच्या विघटनातून फिओफोर्बाइड तयार होते व ते वाढले की उन्हात त्वचेला दाह होतो. जपानमध्ये १९७७ साली क्लोरेलाच्या गोळ्यांमुळे नेमका हाच त्रास झाला होता. भुकटी पिवळट-तपकिरी पडली किंवा तिला कुबट वास येऊ लागला, तर ती टाकून द्यावी.